पूल बंद करायचाय! (नदीवरचा नव्हे, परसातला)

हा भाग साधारण १९ मिनिटांचा आहे. ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलं खाली उतरवून काढलंय. अडखळणं, खोकणं काढून टाकलं, बाकी बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.

००:०० – सुरुवात

आजचा विषय ऐकून अर्धे लोक म्हणतील, "भाऊ, आमच्याकडे प्यायच्या पाण्याचा पत्ता नाही आणि तू पोहण्याच्या तलावाचं काय सांगतोस?" मान्य आहे. पण पाच मिनिटं थांबा. आज पाण्याबद्दल, हवेबद्दल आणि बर्फाबद्दल बोलायचंय, आणि एका चुकीबद्दल, जी मला सतराशे डॉलरला पडली.

आधी गंमत सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आटपाडीकडचे. शेतकरी माणूस. जुलैमध्ये फोनवर मी त्यांना म्हणालो, "अण्णा, ऑक्टोबरमध्ये इथंच असाल तर बरं, पूल बंद करायचाय." ते गप्प. मग म्हणाले, "आरं, पूल बंद करतुयास म्हंजी? मग गाड्या कुठनं जायाच्या?"

तर मंडळी, हा नदीवरचा पूल नाही. मी राहतो अमेरिकेत, न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ. तीन वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात स्विमिंग पूल आयताच मिळाला. घर दाखवणारी बाई "बघा, किती सुंदर" म्हणाली आणि आम्ही भाळलो. त्याची उस्तवार किती असते हे कुणी सांगितलं नाही.

आकार सांगतो, म्हणजे अंदाज येईल. १६ फूट रुंद, ३२ फूट लांब, सरासरी पाच फूट खोल. पाणी साधारण ७२ हजार लिटर. आपल्याकडच्या १० हजार लिटरच्या टँकरचा हिशोब केला तर सात टँकर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यावरून घरात वाद झालेला आहे.

०२:१० – बंद का करायचा?

आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी पूल उघडतात आणि सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरच्या मध्याला बंद करतात. आमच्या घरचं गणित सोपं आहे. गणपती गेले की पाण्याचा थर्मामीटर रोज बघायचा. पाणी सलग काही दिवस ६० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या साडेपंधरा सेल्सियसच्या आसपास राहिलं की कामाला लागायचं.

लवकर बंद केला तर काय बिघडतं? पाणी कोमट असलं की शेवाळ जोरात वाढतं. झाकणाखाली कोण बघतंय? वसंतात झाकण उघडलं की खाली हिरवं डबकं. आणि उशीर केला तर एका रात्री पारा शून्याखाली जातो आणि पाईपमधलं पाणी गोठतं. ही दुसरी चूक महागातली.

आता शाळेतला एक धडा आठवा. जवळपास सगळ्या वस्तू थंड झाल्या की आकसतात. पाणीही आकसतं, पण फक्त ४ अंश सेल्सियसपर्यंत. त्याखाली ते उलट पसरायला लागतं आणि बर्फ होताना साधारण ९ टक्के फुगतं. म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो. म्हणूनच फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली सकाळी तडकलेली मिळते.

तलावाच्या मोकळ्या पृष्ठभागावर बर्फ झाला तर त्याला वर सरकायला जागा असते. खालचं पाणी पाणीच राहतं. पण दीड-दोन इंचाच्या पाईपात, पंपाच्या पोटात, फिल्टरच्या व्हॉल्व्हमध्ये त्याला जायला जागाच नाही. आणि गंमत बघा, पाईप बर्फ झालेल्या जागीच फुटेल असंही नाही. एका बाजूला बर्फाचा बूच, दुसऱ्या बाजूला बंद व्हॉल्व्ह आणि मध्ये कोंडलेलं पाणी. बर्फ वाढत जातो तसा त्या पाण्यावर दाब वाढतो आणि जी जागा कच्ची असेल ती फुटते.

तुम्ही म्हणाल, पाईप तर जमिनीत पुरलेले असतात. असतात. पण आमच्या भागात हिवाळ्यात जमीन दोन-अडीच फूट खोलपर्यंतही गोठू शकते आणि पुलाचे पाईप बहुतेक वेळा त्याच्या वरच असतात.

थोडक्यात, पूल बंद करणं म्हणजे त्याच्यावर नुसतं झाकण टाकणं नव्हे. जिथे पाण्याला फुगायला जागा नाही तिथून पाणी काढायचं आणि तिथे हवा भरायची. बाकी सगळं या एका वाक्याभोवती फिरतं.

०५:०० – माझी सतराशे डॉलरची चूक

पहिल्या वर्षी एका कंपनीला बोलावलं होतं. दोन पोरं आली, पाऊण तासात काम उरकून साडेतीनशे डॉलर घेऊन गेली. मी खिडकीतून बघत होतो. म्हटलं, एवढंच? हे तर मीही करीन. सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

दुसऱ्या वर्षी केलं मी. पाणी खाली उतरवलं, पाईपांतून हवा मारली, तोंडांना रबरी बूच लावले, झाकण टाकलं. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी अंगठे दाखवले.

एप्रिलमध्ये पंप चालू केला. पाणी फिरतंय, सगळं छान. पण फिल्टरवरचा काटा नेहमीच्या जागी चढेना. आणि पुलातलं पाणी रोज इंचभर उतरायला लागलं. चार दिवस मी म्हणत राहिलो की वाफ होऊन जात असेल. एप्रिलमध्ये, १२ अंश तापमानात!

शेवटी माणूस आला, त्याने दाब देऊन एकेक लाईन तपासली. परत येणाऱ्या पाण्याच्या पाईपाला पंपाजवळच्या कोपऱ्यावर चीर. वर सिमेंटचा ओटा. ओटा कापला, खोदलं, पाईप बदलला, ओटा पुन्हा केला. बिल सतराशे डॉलर. कारण काय? एका बुचाचा चाकासारखा नट मी नीट आवळला नव्हता. तिथून थेंब-थेंब पाणी महिनाभर पाईपात परत शिरत राहिलं आणि जानेवारीत गोठलं.

बायको काही बोलली नाही. नुसतं विचारलं, "ते साडेतीनशेवाले किती घेत होते म्हणालास?"

म्हणून या वर्षी ठरवलं, घाई नाही. आणि या वर्षी सोबत अण्णा होते.

०७:०० – आधी पाणी तयार करा

काम एका दिवसाचं नाही, आठवडाभराचं आहे. सुरुवात सफाईपासून.

पानं, फांद्या, किडे सगळं जाळीने काढा. भिंती ब्रशने घासा, तळ व्हॅक्यूम करा. हा कंटाळा का करायचा नाही? ओकची पानं पाच-सहा महिने तळाशी कुजली की प्लास्टरवर चहाचे असतात तसे तपकिरी डाग पडतात. शिवाय कुजणारा पाला क्लोरीन खाऊन टाकतो.

मग पाण्याची तपासणी. थेंबांचं किट घ्या. तीन आकडे बघायचे. पीएच ७.२ ते ७.६. अल्कलिनिटी ८० ते १२०. आणि सिमेंट-प्लास्टरचा पूल असेल तर कॅल्शियम २०० ते ४००. यातला तिसरा आकडा लोक विसरतात. थंड पाण्यात चुना जास्त विरघळतो. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर ते पाणी आपली भूक प्लास्टरमधून भागवतं. वसंतात हात फिरवला तर भिंत खरखरीत लागते.

मग संध्याकाळी क्लोरीनचा मोठा डोस, ज्याला इथे शॉक म्हणतात. संध्याकाळी अशासाठी की उन्हात क्लोरीन लवकर उडून जातं. पंप रात्रभर चालू ठेवायचा. मी हे आठवडाभर आधी करतो, त्याचं कारण पुढे येईल. क्लोरीन नेहमीच्या पातळीवर उतरलं की मगच शेवाळाचं औषध टाकायचं. दोन्ही एकदम टाकलं तर क्लोरीन त्या औषधाचीच वाट लावतं.

आणि आता आवाज वाढवा, हे महत्त्वाचं आहे. रसायन पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी कधीच ओतायचं नाही. दोन वेगवेगळ्या प्रकारचं क्लोरीन, म्हणजे शॉकची पावडर आणि नेहमीच्या गोळ्या, एकाच डब्यात, एकाच मापाने, चुकूनसुद्धा एकत्र करायच्या नाहीत. आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. क्लोरीन आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू सुटतो. हातमोजे, चष्मा, आणि लेकरं घरात. हे सगळीकडे लागू आहे, कर्जतच्या फार्महाऊसवरच्या पुलालासुद्धा.

शेवटी फिल्टर. आमचा वाळूचा आहे. उलटं पाणी मारून, म्हणजे बॅकवॉश करून, बाजूच्या काचेच्या नळीत स्वच्छ पाणी दिसेपर्यंत धुवायचा.

०९:३० – दीड टँकरचं भांडण

आता पाणी उतरवायचं. पुलाच्या काठाला एक चौकोनी तोंड असतं, त्यातून वरचं पाणी आणि पालापाचोळा ओढला जातो. त्याला स्किमर म्हणतात. पाण्याची पातळी त्या तोंडाच्या खाली जायला हवी, नाहीतर तिथला बर्फ ते प्लास्टिकचं खोकं फोडतो. आमचं झाकण जाळीचं आहे, त्यातून पावसाचं आणि बर्फाचं पाणी आत येत राहणार, म्हणून मी एक फूट उतरवतो.

मी पाईप लावला, पंप सुरू केला. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. उठले.

"किती सोडनार?"

"एक फूट, अण्णा."

"म्हंजी लिटर किती?"

मी हिशोब केला. "साडेचौदा हजार."

त्यांनी एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "दीड टँकर," म्हणाले. "दीड टँकर तू गवतावर सोडतुयास."

मंडळी, यावर काय बोलणार? ज्या माणसाने फेब्रुवारीत टँकरच्या मागे कळशी घेऊन पळताना आपली आई बघितली, त्याला मी स्किमरचं प्लास्टिक समजावत होतो. मी म्हटलं, इथे पाऊस वर्षभर पडतो, वसंतापर्यंत हे पाणी आपोआप भरून येईल. खरं आहे ते. पण खरं सांगितल्याने माणसाला बरं वाटतंच असं नाही.

त्यांनी वाद घातला नाही. पाईप उचलला आणि कुंपणाकडच्या झाडांच्या आळ्यांकडे नेला. दोन तास एकेक झाड करत फिरले. तेव्हा मला आठवडाभर आधी शॉक दिल्याचा फायदा कळला. पाण्यातलं क्लोरीन तोवर जवळजवळ उतरलेलं होतं, नाहीतर झाडं करपली असती. तुम्ही अशा ठिकाणी राहत असाल तर हे पाणी सोडण्याचे तुमच्या गावाचे नियम बघून घ्या. क्लोरीनचं पाणी रस्त्याच्या गटारात सोडलं तर ते पुढे ओढ्यात जातं आणि मासे मरतात.

थोड्या वेळाने अण्णांनीच विचारलं, "मग सगळंच का काढत न्हाईस? तळ कोरडा झाला की भ्यायचं कारन न्हाई."

प्रश्न बिनतोड वाटतो. पण पूल पूर्ण रिकामा करायचा नसतो. जमिनीखालचं पाणी चढलं की ते रिकाम्या पुलाला खालून ढकलतं. सिमेंटचा अख्खा पूल जमिनीतून वर उचलला गेल्याची उदाहरणं आहेत. आतलं पाणी हे त्याचं वजन आहे. मी एवढं बोललो आणि अण्णांनी एका वाक्यात संपवलं: "रिकामी घागर हिरीत बुडत न्हाई."

बस. ज्यांना तरंगण्याचं शास्त्र कळत नव्हतं त्यांना आता कळलं असेल.

१२:०० – हवा मारण्याचं काम

आता खरं काम. पंपाचा वीजपुरवठा मुख्य पेटीतूनच बंद करा. टायमरवर भरवसा ठेवू नका. कोरडा पंप रात्री आपोआप सुरू झाला तर त्याचं सील जळतं.

मग ओल्या-कोरड्या कचऱ्याचा मोठा व्हॅक्यूम असतो ना, त्याची नळी उलटी, हवा फेकणाऱ्या बाजूला लावायची. कंप्रेसरपेक्षा हे बरं. आपल्याला दाब नको, भरपूर हवा हवी. आणि फिल्टरच्या टाकीत हवेचा दाब कोंडू द्यायचा नाही. अशा दाबाने टाकीचं झाकण उडून माणसं जायबंदी झालेली आहेत. फिल्टरच्या डोक्यावर जो अनेक दिशांचा व्हॉल्व्ह असतो तो फिरवून फिल्टर वगळा आणि हवा सरळ पाईपांत जाऊ द्या.

पंपाच्या बाजूने हवा सोडली की परत येणाऱ्या पाण्याच्या तोंडांतून आधी पाणी उसळतं, मग बुडबुडे. जवळच्या तोंडातून आधी बुडबुडे येतात. तिथे बूच लावा. मग सगळी हवा पुढच्या तोंडाकडे जाते. तिथे बूच. शेवटचं बूच हवा चालू असतानाच लावायचं. आणि नट आवळायचा. पुन्हा आवळायचा. मी या वर्षी तीनदा आवळला. पाणी एवढं थंड होतं की बोटं दुखत होती, पण सतराशे डॉलर आठवले की बळ येतं.

स्किमरची लाईनही अशीच मोकळी करायची आणि तळाला बूच. स्किमरच्या खोक्यात एक रिकामी प्लास्टिकची बाटली, तळाशी थोडे खडे घालून, झाकण घट्ट लावून उभी ठेवायची. खोक्यात पाणी साचून बर्फ झालाच तर तो बाटली चेपतो, खोकं वाचतं. दोन रुपयांचा उपाय. कुणी यात पुलांसाठीचं अँटीफ्रीझही ओततात. ते चालतं, पण गाडीचं अँटीफ्रीझ कधीच नाही. ते विषारी असतं.

राहिला तळाचा मोठा नळ, मेन ड्रेन. तो सर्वात खोल, आठ फूट पाण्याखाली. तिथे बूच कोण लावणार? तर तिथे बूच लावायचंच नाही. त्या पाईपातून हवा मारायची, खोल बाजूला तळातून मोठे बुडबुडे आले की मिनिटभर तसंच चालू ठेवायचं आणि हवा चालू असतानाच वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. हवा पाईपात अडकते.

हे मी सांगत होतो आणि अण्णा एकदम हसायला लागले. म्हणाले, "म्हंजी मोटारीनं हवा धरली!"

ज्यांच्या घरी विहिरीवर मोटार आहे त्यांना कळलं. फुटव्हॉल्व्ह गळला की पाईपात हवा शिरते, मोटार नुसती गरगरते आणि पाणी चढत नाही. मग पाईपात पाणी ओतून हवा काढायची. अण्णांचं अर्धं आयुष्य ती हवा काढण्यात गेलं. आणि इथे त्यांचा मुलगा तीच हवा मुद्दाम पकडून ठेवत होता.

खात्री पटत नसेल तर घरी करून बघा. रिकामा पेला उपडा करून बादलीत सरळ खाली दाबा. पाणी आत पूर्ण चढत नाही, कारण हवेला बाहेर पडायला वाट नाही. मेन ड्रेनचा पाईप म्हणजे तो उपडा पेला.

व्हॉल्व्ह अण्णांनी बंद केला. मी "आता" म्हणायच्या आधीच. बुडबुड्यांच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं.

१५:०० – यंत्रं आणि एक पिशवी

पंपाच्या पोटाखाली पाणी काढायची छोटी बुचं असतात, माझ्या पंपाला दोन आहेत. फिल्टरला एक. हीटर असेल तर त्यालाही, आणि त्याचा गॅस बंद. ही सगळी काढून ठेवायची, म्हणजे उरलेलं पाणी गळून जाईल. लोक एक बूच काढतात, दुसरं विसरतात. पंपाचा तळ मग जानेवारीत फुटतो.

काढलेली बुचं एकाच पिशवीत घालून पंपाच्या जाळीत ठेवा. तिथेच का? कारण वसंतात पंप चालू करायला गेलात की सगळ्यात आधी तीच पिशवी हाताला लागेल. अण्णांनी पिशवीवर पेनाने लिहिलं: "५ नग. मोजून घेणे."

१६:०० – झाकण, आणि खरी भीती

पहिल्या दोन वर्षी आमच्याकडे साधी ताडपत्री होती. कडेने पाण्याने भरलेल्या लांब पिशव्या ठेवायच्या, म्हणजे ती उडत नाही. स्वस्त असते. पण तिच्यावर पावसाचं पाणी साचतं, त्यावर पानं पडतात आणि लांबून ती जमिनीसारखीच दिसते.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती. अंगणात खेळताना तिचा चेंडू ताडपत्रीवर गेला. तिने एक पाय ठेवला. ताडपत्री खचली. बायको दारातून धावली, तिने दंडाला धरून मागे ओढलं. एक बूट पाण्यात राहिला. झालं एवढंच. पण त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही. ताडपत्रीवर साचलेल्या वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. आणि ताडपत्रीखाली गेलं तर वरून दिसतसुद्धा नाही.

पाईप फुटला तर सतराशे डॉलर. हे दुसरं कशात मोजायचं?

म्हणून या वर्षी सुरक्षा झाकण घेतलं. जाड जाळीचं, पट्ट्यांचं. पुलाच्या कडेने ओट्यात पितळी खुंट्या बसवतात, त्यांना स्प्रिंगने पट्ट्या ताणून अडकवतात. माणूस चुकून वर गेला तरी ते तोलून धरतं. घेताना त्यावर एएसटीएम एफ१३४६ हे मानक लिहिलंय का ते बघा. आणि तरीही कुंपणाच्या दाराला कडी हवीच. झाकण हे शेवटचं कुलूप, पहिलं नव्हे.

एक बारकावा. पाणी फार खाली उतरवू नका. बर्फाच्या भाराने झाकण खाली झुकतं तेव्हा खालचं पाणी त्याला टेकू देतं. पाणी फार खाली असेल तर सगळा भार स्प्रिंगांवर येतो. म्हणून आमचा एक फूट. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं.

हिवाळ्यात मग काम थोडंच. वादळानंतर एक फेरी मारायची, पट्ट्या आणि पातळी बघायची. पृष्ठभागावरचा बर्फ हातोडीने फोडायचा नाही, धक्क्याने भिंत तडकते. झाकणावरचं बर्फ फावड्याने ओढायचं नाही, जाळी फाटते. जाळीतून ऊन आत जातं, म्हणून वसंतात फार उशीर न करता एप्रिलमध्येच उघडायचा.

१७:४५ – स्क्रीनशॉट काढा

१. पाणी थंड होईपर्यंत थांबा, पण पहिल्या कडक थंडीच्या आधी उरका.
२. सफाई, तपासणी, आठवडाभर आधी शॉक, नंतर शेवाळाचं औषध.
३. फिल्टर धुवा. पाणी स्किमरखाली उतरवा, पूल रिकामा करू नका.
४. वीज मुख्य पेटीतून बंद.
५. हवा मारा, बुचं लावा, नट पुन्हा आवळा. मेन ड्रेनमध्ये हवा कोंडा.
६. पंप, फिल्टर, हीटर यांची तळाची सगळी बुचं काढा, मोजा, एका पिशवीत ठेवा.
७. सुरक्षा झाकण. कुंपणाला कडी.

१८:२० – तुमच्यासाठी काय?

महाराष्ट्रात यातलं गोठण्याचं काहीच लागू नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे बातमी होते, एवढीच आपली थंडी. तिथे पूल हिवाळ्यातही चालू ठेवायचा, फक्त पंप आणि क्लोरीन सोडायचं नाही.

पण तुमच्यातले बरेच जण शिकायला, नोकरीला थंड देशांत जाता. भाड्याचं घर घेतलंत की ऑक्टोबरमध्ये एक करा: अंगणातल्या नळाला जाणारा आतला व्हॉल्व्ह बंद करा आणि बाहेरचा नळ उघडून पाणी काढून टाका. बागेची नळी काढून ठेवा. तत्त्व तेच. जिथे पाण्याला फुगायला जागा नाही, तिथे पाणी ठेवू नका.

या वर्षी माझं काम बरोबर झालं का? मला अजून माहीत नाही. ते एप्रिलमध्ये कळेल, पंप चालू करून काटा कुठे चढतो ते बघितल्यावर. तेव्हा सांगतो, चुकलं असेल तरी सांगतो.

अण्णा पुढच्या आठवड्यात परत जातायत. काल संध्याकाळी झाकणापाशी उभे होते. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "त्या पिशवीत पाच नग हायती. मोजून घे."

मोजून घेईन, अण्णा.

चला मंडळी, तुमच्या घरातल्या मोटारीच्या, पाईपाच्या, टाकीच्या गोष्टी आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, चांगल्या असतील त्या पुढच्या भागात ऐकवू. भेटू. काळजी घ्या.